दिवे चांगले आहेत

हॅम्बर्ग, २९ सप्टेंबर १९६३, रविवार

"हॅम्बर्गच्या पावसात परक्याच्या घरातली एकेक खोली धरून राहणाऱ्या माझ्या मराठी बंधुभगिनींनो! आपली गावे निराळी, शिक्षणे निराळी, पण दुखणे एकच आहे. या देशात आपल्या वाट्याला येते ते दुसऱ्याने वापरून टाकलेले. खोली मिळते ती पोटमाळ्यावरची, सायकल मिळते ती ब्रेक नसलेली. आणि तक्रार करायला गेलो तर उत्तर मिळते की दोष वस्तूत नाही, तुमच्यात आहे!"

दिवाळीच्या फराळाला इथल्या मराठी मंडळाने मला बोलायला सांगितले आहे. सुरुवात अशी करावी म्हणतो. शेवट अजून सापडलेला नाही. शेवटी श्रोत्यांना काहीतरी एक करायला सांगितले नाही तर ते भाषण नव्हे, गप्पा. कॉलेजपासून मी हे पाळत आलो आहे.

उदाहरण मात्र तयार आहे. श्रीनाथचा ट्रक.

श्रीनाथ बंदरावरच्या डिझेल इंजिनांच्या कारखान्यात इंजिनियर. तो भाड्याने राहतो त्याच घराच्या पोटमाळ्यावर मी राहतो, विद्यापीठात इतिहासाचा प्रबंध लिहितो आणि रोज संध्याकाळी सरलावहिनींच्या हातचे जेवतो. उन्हाळ्यात श्रीनाथने पेटर्सन नावाच्या जर्मनाच्या गॅरेजमधून अग्निशामक दलाचा एक लढाईआधीचा ट्रक घेतला. त्यावर स्वतः लाकडी खोली बांधली. चार बिछाने, स्टोव्ह, पाण्याची टाकी, टपावर चढायला शिडी. येत्या मार्चमध्ये व्हिएन्ना, इस्तंबूल, तेहरान, लाहोर करीत थेट कऱ्हाड. श्रीनाथ, वहिनी, सहा वर्षांची उल्का आणि मी. चालवणार एकटा श्रीनाथ. मला सायकलसुद्धा धड येत नाही. माझ्याकडे नकाशे आणि सरहद्दीवरची भांडणे.

आज पहिल्यांदाच त्याने अंधार पडल्यावर ट्रक बाहेर काढला. कोपऱ्यापर्यंत गेला आणि परत आणला.

"दिवे मेलेत," म्हणाला.

गेल्या वर्षीच्या महापुरात हा ट्रक विल्हेल्म्सबुर्गला पाण्यात उभा होता. दिव्यांच्या आतले आरसे काळवंडलेत. पेटर्सनला हे ठाऊक नसेल?

३ ऑक्टोबर, गुरुवार

कारखाना सुटल्यावर श्रीनाथबरोबर पेटर्सनकडे गेलो. पेटर्सन पावाला चरबी लावून खात होता. मी उभ्याउभ्याच सुरू केले. पुराचा माल परदेशी माणसाच्या गळ्यात मारणे ही कुठली नीती, ज्या नव्या लोकशाहीची तुम्ही बढाई मारता ती हीच काय, वगैरे. जर्मनमध्ये इतके चांगले मी यापूर्वी कधी बोललो नव्हतो. पेटर्सनने घास संपवला.

"हे बघा, पुराचे मी तेव्हाच सांगितले होते. दिवे जुने आहेत, कबूल. पण रस्ता दिसतो."

"तुम्हाला दिसतो," श्रीनाथ म्हणाला.

"हो. मला दिसतो."

काय हा उद्दामपणा! मला दिसतो, म्हणजे तुम्हा काळ्यांना दिसत नसेल तर मी काय करू.

निघताना पेटर्सनने हात पुढे केला. श्रीनाथ त्या हाताकडे ढुंकूनही न बघता शेजारून निघून आला. गॅरेजच्या त्या अंधाऱ्या दारात पेटर्सनचा हात तसाच लोंबकळत राहिला. मला भरून आले. मी एवढे बोलून जे साधले नाही ते या मितभाषी माणसाने एका हालचालीत साधले. बाहेर आल्यावर पाठ थोपटली तर म्हणतो, "हात? कसला हात?"

विनय तरी किती असावा!

दिवे नवेच घ्यायचे ठरले. हल्ली एक नवी पद्धत निघाली आहे. प्रकाश समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांवर जात नाही, पण आपल्या उजव्या कडेला लांबवर पोचतो. श्रीनाथने पुढचाही विचार केलाय. पाकिस्तानच्या हद्दीपासून गाड्या डाव्या बाजूने चालतात. तिथे हाच प्रकाश समोरच्याचे डोळे दिपवील. म्हणून काचेच्या तेवढ्या कोपऱ्यावर लावायला काळ्या चिकटपट्टीचे तुकडे कापून त्याने बिस्किटांच्या डब्यात ठेवलेत. कऱ्हाडच्या रस्त्यावरच्या कुठल्या अनोळखी गाडीवानाची ही काळजी!

८ ऑक्टोबर

आज कळले, दिव्यांचा इतका ध्यास कशासाठी ते.

जेवणानंतर श्रीनाथ सहसा बोलत नाही. आज बोलला. त्याचे वडील, आत्मारामअण्णा, कऱ्हाड-चिपळूण सर्व्हिस मोटारीवर ड्रायव्हर होते. कुंभार्ली घाटातले प्रत्येक वळण पाठ. एका संध्याकाळी घाट उतरताना त्यांनी बैलगाडी उडवली. गाडीवान गेला. अण्णा एवढेच म्हणाले की दिवे मंद होते, गाडी दिसली नाही. मालकाने दुसऱ्या ड्रायव्हरला बोलावून दिवे लावून दाखवले, ते ठीक होते. मग मालक म्हणाला, आत्माराम प्यालेला होता. गाव तेच म्हणाले. नोकरी गेली.

"थेंबाला शिवले नाहीत कधी," श्रीनाथ म्हणाला. "आता संध्याकाळ झाली की घराबाहेर पडत नाहीत. देवळातसुद्धा जात नाहीत."

"लाज," मी म्हणालो. "समाज माणसाला कसा मारतो बघ!"

"असेल."

त्याचे मनोराज्य असे, की जगातले सगळ्यात चांगले दिवे लावलेला ट्रक अंधार पडल्यावर गावाच्या वेशीतून चालवत न्यायचा, अण्णांच्या दारासमोर उभा करायचा आणि दिवे चालूच ठेवायचे. गावाने बाहेर येऊन बघावे.

"आणि त्यांना शेजारी बसवून घाटातून एक फेरी," तो म्हणाला.

वहिनी ताटे उचलत होत्या. "अहो, घाटात दिवसासुद्धा जाता येतं की," त्या म्हणाल्या.

"दिवसा काय, कोणीही जाईल."

वहिनी ताटे घेऊन आत गेल्या. बायकांना या गोष्टी कळायच्या नाहीत.

२० ऑक्टोबर, रविवार

दिवाळीचा फराळ मंडळाच्या खोलीत झाला. मी बोललो. हॅम्बर्गमध्ये अशा टाळ्या प्रथमच. पेटर्सनच्या पुढे आलेल्या हाताची गोष्ट सांगितली तेव्हा मागच्या रांगेतले उभे राहिले. शेवटही सापडला: आजपासून एकाही मराठी माणसाने त्या गॅरेजची पायरी चढू नये. सगळे हात वर झाले. श्रीनाथचा झाला नाही. परतताना तो म्हणाला, "माझं नाव कशाला घेतलंस?" फार संकोची आहे.

घरी मागच्या अंगणात उल्कासाठी फुलबाज्या आणून ठेवल्या होत्या. श्रीनाथ स्वयंपाकघरातच बसून राहिला, दमलो म्हणाला. उल्काला खाली न्यायचे काम माझ्याकडे आले.

या घराच्या जिन्यातला दिवा बटण दाबले की लागतो आणि दोन मजले उतरेपर्यंत आपोआप विझतो. जर्मन काटकसर. आम्ही मधल्या वळणावर असतानाच विझला. खिडकीतून रस्त्याचा दिवा पुरेसा येत होता. तरी पोरगी पायरीवर बसली ती बसलीच.

"चल गं उल्के, फुलबाज्या!"

"नाइन." म्हणजे नाही.

"अगं, खाली पोरं वाट बघतायत."

"इश झे निख्ट्स, काका."

काही दिसत नाही म्हणे! घरात मराठी सगळे समजते, उत्तर मात्र जर्मन. बटण पुन्हा दाबेपर्यंत महात्म्यासारखी ठाण मांडून बसली. अंधाराला भिण्याविरुद्ध मी तिथेच एक लहानसे व्याख्यान दिले. ती म्हणाली, पप्पा पण असेच बसतात. बापलेकींचा काहीतरी खेळ आहे.

खाली सगळ्या पोरांनी फुलबाज्या फिरवल्या. उल्का हातातली एकच धरून तिच्याकडे बघत उभी होती.

२७ ऑक्टोबर, रविवार

नवे दिवे बसले. संध्याकाळी अंगणात ट्रक भिंतीसमोर उभा केला. भिंतीवर खडूने फुल्या काढायच्या आणि प्रकाशाची वरची कड त्या फुल्यांवर येईपर्यंत स्क्रू फिरवायचे, अशी रीत आहे. श्रीनाथ आत, मी भिंतीपाशी. विटांमधला चुना दिसत होता, माझ्या नखांतला खडू दिसत होता.

"यशवंता, कुठे आहेस?"

"तुझ्यासमोर, महाराजा!"

"डावीकडे सरक."

सरकलो.

"आता दिसलास." आणि थोड्या वेळाने: "मंदच आहेत रे."

हे नवे दिवे म्हणे! मला तर भगभगीत वाटले, पण मला यातले काय कळते. तो खाली उतरून बराच वेळ काचेवर हात ठेवून उभा राहिला. मग म्हणाला, दोष दिव्यांचा नाही, विजेचा. ट्रक सहा व्होल्टचा आहे, तारा जुन्या आणि बारीक, निम्मी वीज तारेतच मरते. सगळे बारा व्होल्टचे करू. डायनामो, बॅटरी, बल्ब, जाड तारा.

वहिनी स्वयंपाकघराच्या खिडकीत उभ्या होत्या. तव्यावरची पोळी करपल्याचा वास अंगणापर्यंत आला, तरी त्या हलल्या नाहीत.

८ नोव्हेंबर, शुक्रवार

आठवडाभर श्रीनाथ कारखान्यातून येतो तो ट्रकखाली शिरतो. दिवस आता चारलाच मावळू लागतो, म्हणून डोळ्यांपाशी टॉर्च. टॉर्चच्या उजेडात बारीकात बारीक तार अचूक जोडतो, हात जरा कापत नाही. पाना मात्र शेजारी पडलेला असला तरी चाचपत बसतो. मी टोमणा मारला, "इंजिनियरसाहेब, साप असता तर चावला असता."

"म्हणून तर तुला ठेवलाय," तो म्हणाला. हसला नाही.

बारा व्होल्ट झाले. वर लांब पल्ल्याचे आणखी दोन दिवे. रविवारी रस्त्यावर न्यायचा.

१० नोव्हेंबर, रविवार

सगळे झोपल्यावर लिहायला बसलो.

उल्काला घरमालकिणीकडे ठेवून आम्ही तिघे निघालो. श्रीनाथ चाकावर, मध्ये वहिनी, दाराशी मी. विल्हेल्म्सबुर्गच्या पुढे बांधावरचा रस्ता. दिवस बुडून थोडाच वेळ झाला होता. श्रीनाथने दिवे लावले आणि मी ओरडलोच. रस्ता दुपारसारखा झाला! उजव्या कडेचे गवत, मैलाचे दगड, पार लांबवर एक म्हातारा सायकल हातात धरून चाललेला, कॅरियरवर कोबीचे पोते. त्याच्या पाठीवरचा कोटाचा पट्टा आणि पट्ट्याची दोन बटणे मला दिसली. मी युगोस्लाव्हियाच्या रस्त्यांबद्दल बोलत होतो. बोलत राहिलो. जे मला दिसते ते चालवणाऱ्याला दिसणारच, यात बोलायचे काय?

ट्रक जराही बाजूला झाला नाही, वेगही उतरला नाही.

"अहो!"

वहिनींनी दोन्ही हातांनी चाक ओढले. आम्ही बांधाच्या डाव्या उतारावर घसरलो आणि कुंपणाला लागून थांबलो. सायकल मागच्या चाकाखाली गेली. म्हातारा गवतात पडला होता. तो उठला, तळहात खरचटलेला, आणि खिडकीपाशी येऊन ओरडला, "आंधळा आहेस का?"

मी दार उघडून उतरलो. माझ्या तोंडात वाक्ये तयारच होती. परदेशी दिसला की शिवी द्यायची, हे कुठले... श्रीनाथ चाकामागून बोलला, अगदी हळू.

"यशवंता, थांब."

"नाही, का थांबू? आणि हे दिवे! एवढं सगळं करून हे दिवे..."

"दिवे चांगले आहेत रे." त्याने चाकावरचे हात उचलले आणि मांडीवर ठेवले. "दिवे फार चांगले आहेत."

बांधाखालच्या शेतातली कोबीची प्रत्येक ओळ त्या दिव्यांत उजळून निघाली होती. त्याची नजर थेट समोर होती.

वहिनी म्हणाल्या, "मला वाटलं होतं, दिव्यांनी भागेल."

जवळच्या घरातून फोन केला. ट्रक ओढून काढायची गाडी माझ्या माहितीत एकाकडेच होती. पेटर्सन आला. दोर बांधला, ओढून काढले. म्हाताऱ्याला आपल्या गाडीतून त्याच्या घरी सोडून आला. मग आमच्या दिव्यांसमोर जाऊन, डोळ्यांवर हात धरून म्हणाला, "गुटेस लिश्ट." चांगला उजेड. आपली गाडी बांधावरच ठेवून ट्रक त्यानेच चालवत घरी आणला. दारात या वेळी श्रीनाथने हात पुढे केला. जरा उंच आणि जरा बाजूला. पेटर्सनने स्वतःचा हात तिथे नेला.

१४ नोव्हेंबर, गुरुवार

डोळ्यांच्या दवाखान्यात श्रीनाथबरोबर मी गेलो. वहिनी येते म्हणाल्या, तो नको म्हणाला.

काळ्या पडद्यावर डॉक्टर पांढरा ठिपका कडेकडून आत आणत होते. दिसला की सांगायचे. ठिपका कितीतरी आत येई, तरी श्रीनाथ गप्पच. मला वाटले, त्याला प्रश्न कळला नसेल. मी खुर्चीत पुढे सरकलो. डॉक्टरांनी मला बोटाने गप्प केले.

दृष्टी कडेपासून मरत आत येते. आधी अंधारात, मग उजेडात. समोरचे तेवढे शेवटपर्यंत राहते, नळीतून बघितल्यासारखे. औषध नाही. गाडी चालवायची नाही, आजपासूनच.

"हे घराण्यात असते," डॉक्टर म्हणाले. "अंधारात न दिसणारे कोणी होते?"

श्रीनाथने त्या काळ्या पडद्याकडे बघितले. मग म्हणाला, "माझे वडील."

"तुम्हाला मुले?"

"नाहीत."

मी त्याच्याकडे बघितले. तो समोर बघत होता. डॉक्टरांनी कागदावर काहीतरी लिहिले. सभागृहे हलवणाऱ्या मी फक्त खुंटीवरचा त्याचा कोट काढून आणला.

एस-बान या इथल्या लोकलच्या स्टेशनवर त्याने माझा दंड धरला. आजवर कितीदा धरला असेल! मी ते प्रेम समजत आलो होतो. ते होतेच म्हणा.

"अण्णा प्यालेले नव्हते," तो म्हणाला.

"नव्हते."

"आणि दिवेही मंद नव्हते रे. दोघंही खरं बोलत होते, अण्णा आणि तो मालकाचा ड्रायव्हर. मी मात्र इतकी वर्षं..." पुढचे गाडीच्या आवाजात गेले.

घरी आल्यावर बिस्किटांचा डबा माझ्या हातात दिला. काळ्या पट्ट्यांचा. "ठेव तुझ्याकडे. इथून कोणी गेला डाव्या बाजूच्या देशात, तर लागतील."

मी मुलीबद्दल विचारले नाही. बापाला ते तोंडातून काढवले नसेल, इतकेच समजलो आणि वर माझ्या खोलीत आलो.

१५ नोव्हेंबर, शुक्रवार

आज विद्यापीठातून परतलो तेव्हा अंधार पडला होता. दार उघडले तर जिन्यातला दिवा नुकताच विझलेला. बटणाकडे हात नेणार, इतक्यात वर मधल्या वळणावर कोणीतरी बसलेले दिसले. खिडकीतून रस्त्याचा उजेड येत होता. खालच्या पायरीवर श्रीनाथ, वरच्या पायरीवर उल्का. तिचे हात त्याच्या खांद्यांवर. शेजारी दुधाची बाटली, पडू नये म्हणून भिंतीला टेकवून ठेवलेली. दोघेही खाली बघत होते, माझ्याच दिशेला. मी त्यांच्यापासून चार पावलांवर, उजेडात उभा होतो.

"पप्पा, कोण आलं?" पोरीने विचारले. चक्क मराठीत. घाबरली असेल.

"कोण आहे?" श्रीनाथने विचारले.

दोघांनाही दिसत नव्हतो मी.

मी बटण दाबले. दोघेही एकदम हसले, तो थोडा ओशाळून, ती मोकळेपणाने. "यशवंतकाका!" आणि टणाटण पायऱ्या चढून गेली, दिवा विझायच्या आत. श्रीनाथ उठला. आमची नजरानजर झाली आणि त्याला कळले की मला कळले. त्याने मान हलवली. नको, म्हणून. मग बाटली उचलून तोही चढून गेला.

महिनाभर मी भाषण देत होतो आणि या पोरीने मला एकच वाक्य सांगितले होते. इश झे निख्ट्स, काका.

श्रीनाथचा विचार मला कळतो. शिक्का आज बसला काय, दहा वर्षांनी बसला काय, औषध तर नाहीच. तेवढी वर्षे तरी पोरीला बाकीच्या पोरांसारखी राहू दे. त्याच्या जागी मीही कदाचित हेच म्हटले असते. पण अण्णांनाही कोणी सांगितले नव्हते आणि एक गाडीवान मेला. श्रीनाथने कोणाला सांगितले नाही आणि रविवारी वहिनींचे हात जरा उशिरा पोचले असते तर? उल्का उद्या सायकल मागेल, मग रस्ते ओलांडील. तिने दिव्यांना दोष देत, बटणांना दोष देत, आपल्याला भित्री म्हणवून घेत मोठे व्हायचे? मी स्वतः तिला भित्री म्हटले आहे.

खाली वहिनी जेवायला हाक मारतायत. श्रोते दोघेच, श्रीनाथ आणि वहिनी; उल्का एव्हाना झोपली. जन्मात एवढ्या लहान सभेपुढे बोललो नाही. सुरुवात सुचत नाही, उदाहरण द्यायचे नाही, आवाज चढवायचा नाही. शेवट तेवढा तयार आहे, तोच बोलून खाली बसायचे:

श्रीनाथ, सोमवारी सकाळी उल्काला घेऊन त्याच डॉक्टरांकडे चल, आणि ही माझी मुलगी आहे असे त्यांना सांग.